आंधळा सेनापती आणि आमचे मामंजी

कत्तरीच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्यातल्या त्या भट्टीच्या दिवसांत, चेन्नईतलं कोणीही शहाणं माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. पण बाहेर पडायचं नाही आणि बाहेर पडता येत नाही, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो मला माझ्या डाव्या पायाने शिकवला.

पायाचं कसं झालं हे मी प्रत्येकाला वेगळं सांगते. माहेरी कोल्हापूरला कळवलं की मैलापूरच्या देवळासमोर उधळलेला बैल शिंगांनी धरून थांबवला. ह्यांच्या बँकेतल्या बायकांना सांगितलं की टी. नगरला साडीच्या सेलमध्ये गर्दीने मला उचलून पहिल्या मजल्यावरून खाली सोडलं. त्यांना ते लगेच पटलं, कारण त्या तिथे गेलेल्या आहेत. खरं इतकंच की सकाळी दारात मीच काढलेल्या कोलमवर, म्हणजे इथल्या रांगोळीवर, मीच बादलीभर पाणी सांडलं, आणि तांदळाच्या ओल्या पिठावरून घसरत शेजारच्या मामींच्या दारापर्यंत गेले. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, आणि तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात, मला अंबारीतून आणावं तसं चार माणसांनी खुर्चीतून वर आणून ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच.

घरात आधीच एक कैदी होता. माझे सासरे, आमचे मामंजी. वय चौऱ्याऐंशी, तंजावरकडचे मराठी, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या कावेरीकाठी राहिलं की त्यांचं मराठी एखाद्या पोथीतून उठून, वाटेत तमिळ कॉफी पिऊन आल्यासारखं आहे. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्ष मला ते कळलं नाही. माझं मराठी त्यांना कळायचं, पण ते त्याला मराठी मानायचे नाहीत. 'मोठ्याने बोललें म्हणजे झालें असें कोल्हापुरास वाटतें,' एवढंच एकदा म्हणाले होते.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साधासुधा नाही, डॉक्टर म्हणाल्या, पिकून दगड झालाय, आता लांबवाल तर आम्हालाही अवघड जाईल. उजवा जास्त वाईट, तो आधी करू, मग डावा. मामंजी म्हणाले, नाही. ह्यांनी समजावलं, बंगळूरहून आमच्या लेकीने फोनवर समजावलं, मामींनी देवाची शपथ घातली. मामंजी म्हणाले, नाही. त्यांच्या तरुणपणी कचेरीतल्या एका दोस्ताने डोळ्याला सुरी लावून घेतली होती आणि तो डोळा गेला होता, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. तेवढ्यात एका संध्याकाळी जिन्याची पायरी चुकली. पडले नाहीत, कठड्याला लटकले, पण त्या दिवसापासून खाली उतरणं बंद. देवळाचं तळं बंद, संगीतसभेतलं गाणं बंद. खिडकीशी वेताची खुर्ची, समोर गजांची जाळी, आणि त्या पलीकडे त्यांना दिसायचा तो नुसता पांढरा उजेड.

"तू दिवसभर घरात आहेस," आमचे हे मला म्हणाले. "तूच वळव त्यांना. तुझ्या तोंडापुढे कोण टिकलंय आजवर?"

हे बोलून ते बँकेत निघून गेले. असा जबाबदारी टाकून जाणारा माणूस बँकेत इतकी वर्षं टिकतो यात नवल नाही.

पहिले काही दिवस मी आणि मामंजी समोरासमोर बसून पंख्याचा आवाज ऐकला. सासरा-सुनेत बोलायला असतं काय? कॉफी झाली का, झाली. वीज गेली का, गेली. भिंतीवरची पाल आमच्यापेक्षा जास्त बोलत होती. मला तर वाटायला लागलं की प्लास्टर माझ्या पायाला नाही, सगळ्या घराला घातलंय, आणि आत खाज सुटलीय.

मग लेकीने फोनवरून टीव्हीत ते चिनी मालिकांचं ॲप घालून दिलं. "आई, ही आत्ता चालू आहे, रोज नवे दोन भाग येतात. बघ आणि मला दर तासाला फोन करणं बंद कर."

मी चिनी मालिका आधी कधी बघितली नव्हती. पहिल्याच भागात नायकाने जेवढं रक्त ओकलं तेवढ्यात आमच्या कोल्हापूरची रक्तपेढी वर्षभर चालली असती. आणि ओकून झाल्यावर तोंड पुसून म्हणतो, मला काही झालेलं नाही. तिथे माणूस कड्यावरून पडला की मरत नाही, पण थंड वाऱ्याची झुळूक लागली की आठ दिवस बेशुद्ध. वैद्य आला की मनगटावर दोन बोटं ठेवून सांगतो, विष आहे, अमुक डोंगरावरचं आहे, आणि घालणारी घरातलीच आहे. बाईने केस वर बांधून पुरुषाचा अंगरखा घातला की तिचा सख्खा बापही तिला 'या साहेब' म्हणतो. भर दरबारात तीन हजार माणसं गुडघ्यावर, आणि कोणाच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं दिसत नाही. मी तर पहिल्याच संध्याकाळी वेडी झाले.

या मालिकेत एक सेनापती होता. सगळ्या लढाया जिंकून आला आणि त्याच्या सख्ख्या भावाने, म्हणजे बादशहानेच, त्याला विष पाजून आंधळा केला. वर एका चौकात कोंडून ठेवला. चार भिंती, एक प्लमचं झाड, बंद दार. तो दिवसभर झाडाखाली बसायचा. त्याच्याकडे शत्रूच्या राज्यातली राजकन्या वैद्य बनून येते. अर्थातच पुरुषाच्या अंगरख्यात.

"कोण तो, काय बोलितो?" खिडकीतून आवाज आला.

मामंजींना पडद्यावर नुसते रंग हलताना दिसत. खाली इंग्रजी पाटी पळायची, ती वाचणं तर दूरच. मी म्हटलं, "आंधळा सेनापती आहे, मामंजी. म्हणतोय, मला कोणाची दया नको."

मामंजींनी खुर्ची टीव्हीकडे वळवली.

झालं. त्या दिवसापासून मी दुभाषी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नवे भाग यायचे. माझा पाय उशीवर, त्यांची कॉफी हातात, आणि मी इंग्रजी पाटी वाचून मराठीत सांगायची. पाटीसुद्धा कसली, कधीकधी यंत्राने केलेली. 'तुझं यकृत माझ्यासाठी दुखतं' असलं काहीतरी. मी त्याचं 'माझं काळीज तुटतं' करायची. कधी कधी तर भाग आधी यायचा आणि पाटी तासाभराने. तेवढा धीर कोणाला? मी तोंडं बघून संवाद करायची. माझे संवाद मूळ संवादांपेक्षा चांगले होते, हे मी शपथेवर सांगते. बादशहाला मी अशी शिवी दिली की पेकिंगला ती कळली असती तर दोन्ही देशांचे संबंध बिघडले असते.

आणि एका संध्याकाळी माझ्या डोक्यात दिवा पेटला. सेनापती आंधळा, मामंजी आंधळ्यात जमा. दोघं कोंडलेले. दोघं हट्टी. सेनापतीचे डोळे वैद्याने बरे केले की मामंजी कुठे जातील?

खऱ्या मालिकेत वैद्य त्याला नुसता काढा पाजत होती आणि त्याने काही फरक पडत नव्हता. मी माझ्या मालिकेत तिच्या हातात सुरी दिली.

"मामंजी, ती म्हणतेय, डोळ्यावर पडदा आलाय. बारीक सुरीने काढू. दुखणार नाही. घटकाभराचं काम."

मामंजी सावध झाले. "एवढें बोलिली ती? मला तर चारच शब्द ऐकूं आले."

"चिनी भाषा आटोपशीर आहे, मामंजी."

"आणि काल तो म्हातारा मंत्री घटकाभर बडबडला, तेव्हां तूं सांगितलेंस, 'हो म्हणाला.'"

"तो तसाच आहे. मंत्र्यांना पाल्हाळ लागतं."

मामंजी 'आमा' म्हणाले, म्हणजे तमिळमध्ये 'हो'. पण त्यांच्या 'आमा'चेही पन्नास प्रकार आहेत, आणि हा त्यातला पोलिसचौकीतला होता.

मी मागे हटणारी नव्हे. पुढच्या दोन-चार भागांत सेनापतीचं ऑपरेशन करून टाकलं. पट्टी बांधली, पट्टी सोडली, त्याला आधी उजेड दिसला, मग प्लमचं झाड, मग राजकन्या. ती खरी राजकन्या पडद्यावर तेव्हा हुंदके देऊन रडत होती, कारण तिचा काढा फुकट गेला होता. मी म्हटलं, आनंदाने रडतेय. मामंजींनी विचारलं, "कसें दिसतें म्हणतो? पहिल्यासारखें?"

"पहिल्यापेक्षा चांगलं."

कप खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, जिंकले. ह्यांना फोन करून सांगितलंसुद्धा की डॉक्टरांची वेळ धरून ठेवा.

मी एक गोष्ट विसरले होते. ज्याला दिसत नाही तो ऐकतो. दुसऱ्या संध्याकाळी भाग सुरू झाला आणि फरशीवर आवाज आला, टक, टक, टक.

"तो कोण?"

"सेनापती."

"काठी कां टेकितो मग? त्यास तर दिसूं लागलें."

माझ्या आयुष्यात मला शब्द सुचला नाही असं फार कमी वेळा झालंय. त्यातली ही एक वेळ, पण अर्ध्या श्वासापुरतीच. "हा तो नाही. हा दुसरा. त्याचा चुलतभाऊ. त्यालाही विष घातलंय."

चुलतभावाने दोन दिवस निभावून नेलं. मग पडद्यावर काठीवाला आणि राजकन्या प्रेमाचं बोलायला लागले, तेव्हा मामंजी म्हणाले, "ही चुलतदिरासंगें असें बोलती?" म्हणून मला तिसरा आंधळा आणावा लागला. एक आंधळा साधू. मग काठीवाला घोड्यावर बसला, तर साधूचा शिष्य. आठवड्याच्या आत मी त्या राजवाड्यात इतके आंधळे भरले की बादशहाने डोळ्यांचा दवाखानाच काढायला हवा होता. रात्री मला कोण कोणाचा कोण लागतो ते आठवत पडून राहावं लागायचं. सेनापतीला बिचाऱ्याला चारच भिंतींनी कोंडलं होतं. माझ्याभोवती मात्र माझ्याच प्रत्येक वाक्याने एक नवी भिंत घातली होती, आणि दार कुठे ठेवलं होतं ते मलाच सापडत नव्हतं. कोपऱ्यात वेताची खुर्ची, तिच्यात तो म्हातारा, कान टवकारून बसलेला. उठून स्वयंपाकघरात पळावं म्हटलं तर पाय सिमेंटचा.

रविवार आला. ह्यांना सुट्टी. हे बनियनवर पेपर वाचत बसले होते. भाग सुरू झाला, टक टक सुरू झाली, आणि मामंजी ह्यांना म्हणाले, "हिंदू पेपर ठेव तो. खालीं इंग्रजी लिहिलेलें येतें ना? एक वाक्य वाच मला."

मी ह्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, शेवटी प्लास्टर हलवलं. पण आमचे हे असे गृहस्थ आहेत की नवऱ्याने बायकोची खूण ओळखायची असते हे त्यांना कोणी लेखी कळवलेलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि खात्याची शिल्लक सांगावी तशा आवाजात वाचलं. "वैद्य म्हणते, मला क्षमा करा. मी हरले. या डोळ्यांना आता कधीच दिसणार नाही."

"कोणाच्या डोळ्यांना?"

"त्या सेनापतीच्या. दुसरं कोण आहे आंधळं इथे?"

पंखा फिरत होता. मामंजींनी हात पुढे करून खुर्चीची पाठ चाचपली, उठले, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेले. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं.

"काय केलंस तू?" ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. "अगं, ते त्या दोस्ताचा डोळा गेला म्हणून घाबरलेत. आणि तू त्यांना आता दुसरा माणूस दाखवलास ज्याचे डोळे गेले."

हे मला तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं. मी सुरीने पडदा काढून दाखवायला गेले आणि शेवटी हातात काय आलं, तर मालिकेतल्या सगळ्यात शहाण्या वैद्याने हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. आता लांबवाल तर आम्हालाही अवघड जाईल.

त्यानंतरचे दिवस मी कोणाला सांगत नाही, कारण त्यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही. मामंजी संध्याकाळी बाहेर आले नाहीत. टीव्ही मी लावायची, आवाज बारीक करून, आणि पडदा न बघता त्यांच्या दाराकडे बघत राहायची. मामी डबा घेऊन यायच्या, तेव्हा त्यांच्याशी ते तमिळमध्ये चांगले बोलायचे. माझ्याशी कॉफी झाली, वीज गेली, एवढंसुद्धा नाही. खोल्या तीन आणि माणसं दोन. एकाला दिसत नाही आणि दुसरीला चालता येत नाही. तरी दोघं एकमेकांना चुकवून राहत होतो. हे कसं जमलं ते मलाही माहीत नाही. खिडकीबाहेर कोणाच्या तरी लग्नाचं नादस्वरम वाजायचं आणि ते ऐकूनही त्या खोलीतून हुं की चूं नाही.

मग एका सकाळी हे आंघोळीला गेले असताना मामंजी माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"काय गे. डॉक्टरणीस फोन लाव. तारीख घे."

मी उठूनच बसले. "कशाची, मामंजी?"

"डोळ्याची. दुसरी कसली?"

"पण तुम्ही तर..."

"अस्क घरांत खरें सांगणारा एक माणूस. तो सकाळीं बँकेंत जातो." अस्क म्हणजे सगळं, त्यांच्या मराठीतला हा शब्द मला फार आवडतो. "दिवसभर मी तुझ्या हातीं. तूं आज आंधळ्यास डोळे देतीस, उद्यां मला सांबार म्हणून काय वाढशील कोणास ठाऊक. मलाच बघितलें पाहिजे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. फार वाटते." त्यांनी माझ्या खाटेची कड चाचपली. "पण तुझ्या गोष्टी ऐकत मरायचें, त्याची ज्यास्ती वाटते."

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांनी आणि खालच्या वॉचमनने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवला. मी दारातल्या खुर्चीत. माझा प्लास्टरचा पाय पुढे, जाळीचं दार उघडं, आणि त्यांच्या चपलांचा आवाज वळणावळणाने खाली जात राहिला. मग रिक्षा सुरू झाल्याचा आवाज. त्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. दोनदा मामींनी विचारलं, फोन आला का. मी म्हटलं, हो, सगळं छान झालं. फोन दुपारी आला. तोपर्यंत मी मामींना ऑपरेशन, डॉक्टर आणि दवाखान्यातली इडली असं सगळं सांगून टाकलं होतं. मला त्याशिवाय श्वास घेता येत नव्हता.

ते परत आले ते उजव्या डोळ्यावर पट्टी आणि वर काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी टीव्ही थोडा थोडा बघायला परवानगी दिली होती, पण मामंजींच्या पिढीला डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे आठ दिवस अंधार, हे कोण बदलणार? आणि मालिका तर शेवटाला आलेली. संध्याकाळ झाली तशी वेताची खुर्ची त्यांनी स्वतः टीव्हीसमोर ओढली.

"वाच," ते म्हणाले. "मराठी नको. खालीं लिहिलें आहे तें, अक्षरास अक्षर."

मग काय, मी कोर्टातल्या कारकुनासारखी वाचायला लागले. 'तुझं यकृत माझ्यासाठी दुखतं' हेसुद्धा जसंच्या तसं इंग्रजीत. ते मधूनच म्हणायचे, "हें तूं घातलेंस," आणि मी म्हणायची, "नाही, मामंजी, हे चिन्यांनीच घातलंय."

शेवटचा भाग आला. मामंजींचा डावा डोळा अजून बाकी होता. उजव्याचं कसं झालंय ते पट्टीखालून कळत नव्हतं, आणि ते विचारलं तर म्हणायचे, बघूं. मालिकेत तर कोणी चमत्कारी डोंगरी वैद्य आला, त्याने सेनापतीला सांगितलं, तुझे डोळे परत येतील, पण त्यासाठी राजकन्येला तिचे द्यावे लागतील. सेनापती म्हणाला, नको. त्या पाटीवर मी अडखळले. माझ्या तोंडात त्या क्षणी दुसरं वाक्य तयार होतं, छान, घोटीव, सुरीसकट. मी ते गिळलं आणि खालचं वाचलं. "नको. मी असाच राहीन."

"पुढें?"

"पुढे वाचायला काही नाही. बोलत नाहीत कोणी. चौकाचं दार उघडलंय आणि तो एकटा चाललाय."

"कुठें?"

"बाहेर."

"काठी घेऊन?"

"काठी घेऊन. दिसत नाही त्याला, मामंजी. शेवटपर्यंत दिसत नाही."

मामंजींनी काळा चष्मा काढला, पट्टीची कड एका बोटाने उचलली आणि त्या नव्या, पाणावलेल्या, लालबुंद डोळ्याने पडद्याकडे बघितलं. मी खोटं बोललेय का ते तपासलं. पडद्यावर बर्फ पडत होतं आणि एक माणूस दारातून बाहेर जात होता.

"जातो खरा," ते म्हणाले. पट्टी पुन्हा नीट बसवली, चष्मा लावला. "त्यास वैद्य धड मिळाली नाहीं. रडकी होती. आपली डॉक्टरीण बरी आहे."

"मग डावा?"

"डाव्याची तारीख घे. आणि तिला विचार, तुझ्या प्लास्टराचें कांहीं करितां येतें कां. मला उद्यांपासून तळ्यावर जायचें आहे आणि सोबतीस कोणी पाहिजे."